अलायन्स, लीग, सिंडिकेट वगैरे

व्हरांड्यातल्या पाच जणांचं एकमत व्हावं अशी जगात एकच गोष्ट होती: इंग्रजीचं काही अडलं की ताईला विचारायचं. आता ताईला इंग्रजी कितपत येतं, हे कुणी कधी तपासलं नव्हतं आणि ताईनंही आपणहून सांगितलं नव्हतं. ती पुस्तकांच्या बांधणीचं काम करायची. बावीस वर्षं जाडजूड ग्रंथांच्या पाठीवर एकेक सोनेरी अक्षर उमटवता उमटवता जेवढं इंग्रजी डोक्यात शिरलं तेवढं शिरलं. शिवाय तिच्याकडे एक कोश होता. सात वर्षांपूर्वी कुणी प्राध्यापक तो बांधायला टाकून गेले ते गेलेच. एका शब्दासारखे दुसरे शब्द सांगणारा तो कोश होता, आणि व्हरांड्यात त्याचा दरारा मोठा होता.

व्हरांडा म्हणजे जुन्या टपाल कचेरीचा. कचेरी कधीच दुसरीकडे गेली होती. व्हरांड्यात पहिल्या कमानीखाली टेलरमास्तर, दुसरीखाली घड्याळकाका, तिसरीखाली रेडिओ, चौथीखाली किल्ली आणि शेवटी, जिथे छत जरा उंच होतं तिथे, ताई आणि तिची बिडाची प्रेस. रेडिओ हा चाळिशीचा माणूस होता. तो रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करी आणि एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नसे, म्हणून हे नाव. किल्ली पंचविशीची, चाव्या बनवणारी आणि जिभेनं कानशीपेक्षा धारदार.

त्यांची एक रीत होती. कुणाला उठून जायचं असलं की त्यानं आपलं स्टूल उलटं ठेवायचं. उलटं स्टूल दिसलं की शेजाऱ्यानं गिऱ्हाईक सांभाळायचं, मग त्याला ते काम येवो न येवो. मास्तर दवाखान्यात गेले त्या दिवशी काकांनी एका गृहस्थाचं माप घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं, 'कंबर नऊशे बारा मिलिमीटर, श्वास सोडल्यावर नऊशे चार.' ती विजार मात्र अशी बसली की गृहस्थ पुढच्या खेपेला काकांनाच शोधत आले. मास्तरांनी आठवडाभर काकांशी अबोला धरला.

तर ती इमारत पाडायची ठरली. महिन्याभरात जागा सोडा, असा कागद भिंतीवर डकवला गेला. सरकारी वाचनालयामागची एक खोली रिकामी होती, पण ती एकट्यादुकट्याला मिळणार नव्हती. काही जणांनी मिळून एक संस्था करायची, तिला नाव द्यायचं आणि शुक्रवारी पाचच्या आत अर्ज भरायचा. नोंदवही जुन्या काळापासून इंग्रजीत होती, म्हणून नावही इंग्रजीत हवं. नाहीतर ती खोली एका गादीवाल्याला गोदाम म्हणून जाणार होती. हे सगळं समजलं तेव्हा बुधवार उलटून गेला होता.

गुरुवारी दुपारी ताईनं कोश उघडला. चौघं भोवती बसले.

"अलायन्स," ताईनं वाचलं.

"वा!" मास्तर म्हणाले. "हेच. छातीवर टाचलं तर काय रुबाब दिसेल!"

"अलायन्स देश करतात. लढाईच्या आधी," काका म्हणाले. "आपण कुणावर चालून जायचंय? गादीवाल्यावर?"

"मग लीग घ्या," रेडिओ म्हणाला. "छोटं, सुटसुटीत. सगळ्यांना माहीत. मी रोज ऐकतो, लीगचे सामने..."

"लीगमध्ये सगळे एकमेकांविरुद्ध खेळतात," किल्ली म्हणाली, "आणि एक जण शेवटचा येतो. तो कोण, हे मला आत्ताच दिसतंय."

"ताई, पुढचं वाचा," रेडिओ नाक फुगवून म्हणाला.

ताई वाचत गेली. युनियन म्हणावं तर संप कुणाविरुद्ध करायचा, मालकच नाही. फेडरेशनसाठी आधी खाली चार-पाच छोट्या संस्था हव्यात, असं मास्तरांनी कुठेतरी ऐकलं होतं. कोअलिशनचं सरकार वर्षभरात पडतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कन्सॉर्शियम हे औषधाचं नाव वाटतं आणि ते जेवणानंतर दोनदा घ्यावं लागेल, असा किल्लीचा शेरा पडला. कार्टेल म्हटल्यावर तस्करांच्या टोळ्या आठवून मास्तरांनी उगाच आजूबाजूला पाहिलं.

"सिंडिकेट," ताई म्हणाली.

"हे माझं!" किल्ली टुणकन उठली. "कसं दणदणीत आहे! कुणाची टाप नाही आपल्याला उठवायची."

"बाळा, तू लोकांच्या कुलपांच्या चाव्या करतेस," काका शांतपणे म्हणाले. "त्यावर सिंडिकेट अशी पाटी लागली तर गिऱ्हाईक येईल की पोलीस?"

मास्तर खो खो हसले आणि किल्लीचा पारा चढला. "मग तुमचं काय ते सांगा ना काका. दुसऱ्याच्या शब्दात खोट काढायला काय जातंय?"

काकांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "पार्टनरशिप," ते म्हणाले. "साधं आहे. भागीदारी."

यावर रेडिओ नको ते बोलून गेला. "काका, तुमचे तीन पार्टनर झाले. तिघंही सोडून गेले. तुमच्या तोंडी हा शब्द..." बाकीचं वाक्य त्यानं गिळलं, पण जे जायचं ते गेलं होतं. काकांनी भिंग खाली ओढलं आणि बंद पडलेल्या एका घड्याळात डोकं घातलं. त्यानंतर कुणाचा पायपोस कुणात राहिला नाही. मास्तर म्हणाले अलायन्स नसेल तर मी नाही, रेडिओ म्हणाला लीग नसेल तर मी नाही, किल्लीनं पेटी दणकन बंद केली. चार स्टुलं उलटी झाली आणि व्हरांड्यात गिऱ्हाईक सांभाळायला ताई एकटी उरली.

ताईला कुणी तिचा शब्द विचारला नव्हता. तिनंही सांगितला नव्हता, कारण तिचं घोडं दुसरीकडेच अडलं होतं. खोलीचं नाव काय ठेवायचं यापेक्षा खोलीत आपण मावतो का, हे तिला छळत होतं. सकाळीच ती एकटी जाऊन खोली मोजून आली होती. उजेड फक्त खिडक्यांच्या बाजूला होता आणि ती भिंत वीस फुटांची. मास्तरांचं टेबल पाच फूट, काकांचं तीन, रेडिओचं चार, किल्लीचं तीन. झाले पंधरा. तिची प्रेस आणि कागद कापायचं यंत्र मिळून सात. बावीस. पट्टी उलटसुलट करून तिनं तीनदा मोजलं, पण भिंत काही वाढेना.

घरी प्रेस नेणं शक्यच नव्हतं. ती धाकट्या बहिणीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायची, आणि प्रेसचं नुसतं चाक उचलायला दोन माणसं लागत. प्रेस गेली की काम गेलं. या वयात दुसरं काय येत होतं तिला? आणि काम जाण्याचं दुःख एक वेळ सोसलं असतं. पण सकाळी येऊन चार स्टुलं सरळ आहेत ना हे बघायचं, काकांच्या डब्यातलं लोणचं किल्लीनं चोरलं की खोटं खोटं रागवायचं, रेडिओची बडबड ऐकत पानं शिवायची, हे सगळं संपणार, या विचारानं तिचा जीव तुटत होता. रात्रभर तिनं स्वतःला समजावलं. दोन फुटांसाठी चौघांच्या पोटावर पाय कसा द्यायचा? भांडून ते अर्ज भरणार नाहीत. मग आपणच भरावा. त्यांच्यासाठी.

शुक्रवारी दुपारी तीनला तिनं स्टूल उलटं ठेवलं आणि नोंदणी कचेरीत गेली. अर्जावर नाव लिहिलं, असोसिएशन. हा शब्दही कोशात होता, पण काल त्याला कुणी नावं ठेवली नव्हती, कारण भांडणाच्या गडबडीत तो कुणाच्या कानांपर्यंत पोहोचलाच नव्हता. सभासदांची नावं तिनं चार लिहिली. मास्तर, काका, रेडिओ, किल्ली. अध्यक्ष म्हणून मास्तरांना घातलं, कारण त्यांना ते आवडलं असतं. अर्जासोबत खोलीचा नकाशा काढून द्यायचा होता. पंधरा फुटांत चार टेबलं काढली आणि उरलेल्या पाच फुटांत लिहिलं, 'गिऱ्हाइकांसाठी बाक.' अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

खिडकीमागच्या कारकूनबाई चष्म्यावरून बघणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी अर्ज वाचला, ताईकडे पाहिलं, परत अर्ज वाचला आणि टेबलाच्या खणातून कागदांचा एक गठ्ठा काढला.

"तुम्ही लोक काय माझी थट्टा करताय?"

"का हो? काय झालं?"

"सकाळपासून या एका खोलीसाठी चार अर्ज आलेत. अलायन्स, लीग, सिंडिकेट, पार्टनरशिप. सगळ्यांचा पत्ता एकच, जुन्या टपाल कचेरीचा व्हरांडा. आणि आता हा पाचवा. एका पत्त्यावरून एकच अर्ज चालतो. जास्त आले तर सगळे बाद आणि खोली गादीवाल्याला. सगळ्यांना घेऊन साडेचारला या, एक ठेवा आणि बाकीचे माझ्यासमोर फाडा."

ताई धावतच व्हरांड्यात आली. बघते तर चौघंही आपापल्या जागी, मान खाली घालून, कमालीचे कामात. काल भांडून गेलेली माणसं, आज गुपचूप चोरी करून आल्यासारखी. तिनं झाला प्रकार सांगितला, पाचवा अर्ज आपला हे मात्र सांगितलं नाही.

"तूसुद्धा?" मास्तरांनी रेडिओला विचारलं.

"तुम्हीसुद्धा?" रेडिओनं मास्तरांना विचारलं.

"म्हटलं, तुम्ही भांडत बसाल आणि वेळ निघून जाईल," किल्ली म्हणाली. "म्हणून मी पहाटेच जाऊन रांगेत उभी राहिले."

"पहाटे रांगेत तुझ्या पुढे मीच होतो," काका म्हणाले. "तोंड वळवून उभा होतो."

पाच स्टुलं उलटी ठेवून वरात निघाली. त्या दिवशी व्हरांड्यात आलेल्या गिऱ्हाइकांनी काय समजायचं ते समजलं असेल. ताई सगळ्यांत मागे होती. अर्ज एकमेकांशेजारी ठेवले गेले की आपला अर्ज उघडा पडणार, हे तिला कळून चुकलं होतं.

कारकूनबाईंनी पाच अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. "चला, लवकर. कुठला ठेवायचा?"

काल आपापल्या शब्दासाठी जिवावर उदार झालेली मंडळी आता भलतंच बोलू लागली.

"माझा फाडा," मास्तर म्हणाले. "अलायन्स जरा जास्तच होतं. लीग बरं आहे."

"छे छे, लीग कसलं? सिंडिकेट ठेवा," रेडिओ म्हणाला. "पोरगी हौसेनं बोलली होती."

"माझं नको. काकांचं ठेवा," किल्ली म्हणाली.

"माझं मुळीच नको," काका म्हणाले. "माझ्या तोंडी तो शब्द शोभत नाही."

हे ऐकून रेडिओ कानापर्यंत लाल झाला. त्यानं सगळ्यांदेखत काकांचा हात धरला. "काका, मी काल मूर्खासारखं बोललो. रात्री झोप लागली नाही मला." काकांनी दुसऱ्या हातानं त्याच्या डोक्यावर टपली मारली. बायको टपली मारते तेव्हा लागत नाही आणि काका मारतात तेव्हा लागते, असं रेडिओ पुढे कैक दिवस सांगत होता.

"अहो, इथे प्रेमाचं प्रदर्शन नको, पावणेपाच झालेत," कारकूनबाई म्हणाल्या. "नाव कुठलंही घ्या, मला काय त्याचं? सभासद तरी जुळतात का बघू द्या." त्यांनी एकेक अर्ज उचलला. "अलायन्स, सभासद पाच. अध्यक्ष, बांधणीवाल्या ताई. लीग, सभासद पाच. अध्यक्ष..." त्यांनी चष्मा नीट केला. "बांधणीवाल्या ताई. सिंडिकेट, अध्यक्ष ताई. पार्टनरशिप, अध्यक्ष ताई. कमाल आहे. तुम्ही हे आपसांत ठरवलं होतं?"

"आम्ही आजवर आपसांत काहीच ठरवलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"मग हा पाचवा वेगळा कसा? असोसिएशन. सभासद चारच. यात ताई कुठे आहेत? या ताईंना कुणी वगळलं?"

मग चौघांनी एकमेकांकडे अशा नजरेनं पाहिलं की ज्यानं हे केलं त्याची धडगत नव्हती.

"कुणी केलं हे?" किल्लीचा आवाज चढला. "कोण आहे तो? मास्तर, तुम्ही?"

"माझा अलायन्स समोर दिसतोय ना तुला?"

"मी केलं," ताई म्हणाली.

मग तिला सांगावंच लागलं. भिंत वीस फूट, सामान बावीस फूट. प्रेस मावत नाही, म्हणून मी बाजूला होते, तुम्ही चौघं आत या. हे सगळं तिनं जमिनीकडे बघून सांगितलं. "मला जायचं नव्हतं," ती म्हणाली. "पण दुसरं काही सुचेना."

"बावीस हे आम्हाला कळत नाही का?" मास्तर ओरडलेच. "बाई, तो माझा नकाशा काढून दाखवा त्यांना!"

कारकूनबाईंनी नकाशे पसरले. अलायन्सच्या नकाशात प्रेस मधल्या खिडकीखाली होती आणि मास्तरांचं टेबल पाचाचं तीन फूट झालं होतं. लीगच्या नकाशात रेडिओचं टेबल चाराचं दोन फूट. सिंडिकेटमध्ये किल्लीच्या टेबलाला एकच फूट उरला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'मी उभी राहीन.' पार्टनरशिपच्या नकाशात काकांचं टेबलही एका फुटाचं. चारही नकाशांत प्रेस मात्र ऐसपैस सात फूट होती, आणि काकांनी तर तिचं चाकही काढलं होतं, दात्यांसकट.

"एक फूट?" रेडिओ म्हणाला. "काका, एक फुटात घड्याळ ठेवणार की स्वतः बसणार?"

"घड्याळ लहान असतं," काका म्हणाले. "आणि मीही आता आटत चाललोय."

किल्ली हसता हसता रडायला लागली, की रडता रडता हसायला लागली, ते तिचं तिलाच ठाऊक. ताई नुसती उभी होती. बावीस वर्षं तिला वाटत आलं होतं की व्हरांड्याच्या शेवटच्या कमानीखाली आपण कुणाच्या फारसं ध्यानात नसतो. कोश आहे म्हणून विचारतात, इतकंच. आणि इथे चार माणसं, ज्यांचं चहात साखर किती यावर जमत नाही, ती एकमेकांना न विचारता, एकमेकांवर रुसून, चार वेगवेगळे अर्ज भरून तिच्यासाठी आपापली जागा कापत होती. तिला मनापासून आनंद झाला, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. तिनं त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

"अहो शहाण्यांनो," कारकूनबाई पेन्सिलीनं आकडे मांडत म्हणाल्या, "चौघांनी दोन-दोन फूट दिले तर आठ फूट होतात. तुम्हाला कमी पडतात दोन. प्रत्येकानं अर्धा फूट सोडा, झालं! याला काय अक्कल लागते?"

अर्धा फूट. यासाठी ताईनं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता.

"पाचला सात मिनिटं आहेत," कारकूनबाईंनी कोरा अर्ज पुढे सरकवला. "नकाशा नवीन, म्हणजे अर्जही नवीन. नाव अध्यक्षांनी ठरवायचं. अध्यक्ष कोण ते माझ्यापुढे चार वेळा लिहून आलंय. बोला, ताई."

चौघंही गप्प राहिले. हाच काय तो दिवसातला खरा चमत्कार. ताईच्या डोळ्यांपुढे कोशातलं ते अख्खं पान होतं, अलायन्सपासून खालपर्यंत. पण ती पानाकडे बघतच नव्हती. ती काकांकडे बघत होती. ज्या माणसाला तीन भागीदार टाकून गेले, त्यानं सत्तराव्या वर्षी पहाटे रांगेत उभं राहून परत तोच शब्द लिहिला होता, आणि वर स्वतःला एक फूट जागा ठेवली होती.

"पार्टनरशिप," ताई म्हणाली.

"पोरी, अगं..." काका म्हणाले आणि भिंग नसलेल्या डोळ्यावर हात फिरवू लागले.

"अध्यक्षांचा हुकूम आहे," किल्ली म्हणाली. "गप्प बसा काका."

रेडिओनं नकाशा काढला, मास्तरांनी पट्टीनं रेघा सरळ केल्या, साडेचार, अडीच, साडेतीन, अडीच आणि सात. बेरीज वीस. ताईनं वर नाव लिहिलं. मग सभासदांच्या रकान्यात लिहायला तिनं पेन टेकवलं, तसे चौघंही तिच्या खांद्यावरून डोकावले. इतके जवळ की तिला हात हलवायला जागा राहिली नाही.

"लांब व्हा जरा, लिहू द्या!"

"नाही व्हायचं," मास्तर म्हणाले. "आता आमचा विश्वास नाही तुमच्यावर."

ताईनं पहिल्या ओळीवर आपलं नाव लिहिलं आणि खाली बाकीची. कारकूनबाईंनी शिक्का उचलला, पण मारायच्या आधी त्यांनी अर्ज ताईकडे परत फिरवला. "एकदा मोजून घ्या, बाई. कुणी राहिलं नाही ना?"

ताईनं बोट ठेवून मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं. पाच होती.